पोस्टरच्या खालच्या ओळीतल्या पैलवानाला

या वेळचं पत्र लांब होतं, मी थोडं कमी करून देतोय. नाव द्यायचं नाही असं त्यानंच लिहिलंय.

"वस्ताद, रामराम. मी कळंब तालुक्यातला. वय ३१, वजन ९४ किलो. सोळाव्या वर्षापासून कुस्ती करतो, पाच वर्षं पुण्यात तालमीत काढली. २०१६ ला राज्य स्पर्धेत गादीवर, म्हणजे मॅटवर, ब्राँझ आहे. महाराष्ट्र केसरीच्या गटात दोनदा उतरलो, दोन्ही वेळेस दुसऱ्या फेरीत बाहेर. तेव्हापासून जत्रांचे फड खेळतो. मागच्या सीझनला ३८ कुस्त्या केल्या, २६ मारल्या, ५ गेल्या, ७ बरोबरीत सुटल्या. सगळं इनाम मिळून २ लाख ९० हजार. उजवा गुडघा दोन वर्षांपासून निसटतो, सूज आली की इंजेक्शन घेऊन खेळतो. बायको म्हणते बंद करा, मुलगी चार वर्षांची आहे. वडील म्हणतात अजून दोन सीझन ओढ. पुढच्या महिन्यात एका गावात कुस्ती नेमली आहे, समोर तिथल्या पुढाऱ्याचा पुतण्या. कमिटीतला एकजण म्हणतो सातव्या मिनिटाला तू मुद्दाम हर, पाठ टेकव, ४० हजार देतो, इनाम वेगळं. वस्ताद, माझं करिअर फेल गेलं का, आणि आता काय करू?"

पैलवान, रामराम.

आधी ते ४० हजाराचं मिटवू कारण त्याला तारीख लागलेली आहे, बाकीचं दमानं बोलू. नाही म्हण. फोनवर नको, त्या माणसाला समोर भेट आणि आणखी दोघांदेखत सांग की खेळलो तर खरी खेळीन, नाहीतर पोस्टरवरून नाव काढा. हे मी सोवळ्यात बसून सांगत नाही, नुरा कुस्ती, म्हणजे आधीच ठरवून केलेली खोटी कुस्ती, मी स्वतः एकदा केलेली आहे म्हणून सांगायलो. १९९३ चा उन्हाळा होता, बहिणीचं लग्न तोंडावर, घरात पैसा नाही, आणि बीड जिल्ह्यातल्या एका गावच्या फडावर समोरच्या पैलवानाबरोबर आधीच ठरलं की पंधरा मिनिटं लोटालोटी करायची, बरोबरीत सोडवून घ्यायची, इनाम अर्धं अर्धं आणि वर दोघांना हजार हजार. दोघंही चांगल्या तयारीचे, वाटलं लोकांना काय कळतंय. हात धरला, मान धरली, मी पट काढल्यासारखं केलं, त्यानं सुटल्यासारखं केलं. पाच-सहा मिनिटं झाली असतील. हौदाच्या, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याच्या, कडेला हलगीवाले होते, त्यातला एक म्हातारा माझ्या कितीतरी कुस्त्यांना वाजवलेला, त्यानं काठी थांबवली, उठला, आणि बाजूला पाचटाचा जाळ केलेला होता तिथं जाऊन हलगी शेकायला बसला. कुस्ती चालू असताना हलगी कुणी शेकत नाही रे, ते दोन कुस्त्यांच्या मधलं काम. आमच्याकडं पाठ करून बसला तो. मग दुसऱ्याचा हात पण ढिला पडला, आणि त्या अख्ख्या फडावर आमच्या दोघांच्या पायांचा मातीत घासल्याचा आवाज यायला लागला. तो आवाज मला अजून ऐकू येतो. पुढच्या वर्षी त्या बाजूच्या चार गावांतून बोलावणंच आलं नाही, आणि ज्यांचं आलं त्यांनी आधी विचारलं, 'खरी करणार का?'

तुझ्याजवळ गदा नाही, किताब नाही. तुला अजून वर्षाला ३८ गावं बोलावतात ती कशावर, तर हा आला म्हणजे कुस्ती खरी होणार या भरवशावर. ते ४० हजाराला विकलंस तर पुढं तालीम टाक, पोरं शिकव, काहीही कर, ते तुझ्या आधी तिथं पोचलेलं असणार.

आता तो 'फेल' शब्द. तू जत्रेचं पोस्टर कधी नीट बघितलंस का? सगळ्यात वर देव, मग पुढाऱ्यांचे गोल गोल फोटो, मग एक नंबरची जोड मोठी, खाली दोन नंबर, तीन नंबर, आणि त्याच्या खाली पंधरा-वीस जोडांची नावं, फोटो असला तर टिकलीएवढा. तू त्या खालच्या ओळीतला, मी पण त्याच ओळीतला होतो. पण फड कसा चालतो ते बघ की. दुपारी लेकरांच्या रेवडीवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि एक नंबरची कुस्ती लागेपर्यंत दिवस मावळून लाईट लागलेली असते. मधले चार तास हजारो माणसं ढेकळावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, झाडावर बसून राहतात ती कुणाच्या जिवावर? आणि खरं बोलू का, शेवटची मोठी कुस्ती कितीदा तरी वीस मिनिटं डोक्याला डोकं लावून उभी राहती आणि मग पंच गुणावर लावतात. लोक घरी जाताना बोलतात ते मधल्या कुठल्यातरी जोडीबद्दल, 'त्या पोरानं काय ढाक मारली राव'.

आणि लहान-मोठं हे जत्रेतलं माप धरून तू स्वतःला मोजू नको. आपल्या पाटोद्याचा राहुल आवारे, वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार मामांच्या हाताखाली वाढलेला, मामा २०११ ला गेले तर पुढं वस्ताद काका पवारांकडं तयार झाला, २०१८ ला गोल्ड कोस्टच्या कॉमनवेल्थला ५७ किलोत सोनं आणलं आणि २०१९ ला जागतिक स्पर्धेत ६१ किलोत ब्राँझ. आता सांग, ५७ किलोची जोड आपल्या जत्रेत किती वाजता लावतात? तीनला. निम्मी माणसं अजून दर्शनाच्या रांगेत असतात तेव्हा. आणि २०२० ची महाराष्ट्र केसरीची फायनल आठवत असंल तुला, आपल्या लातूरचा शैलेश शेळके आणि नाशिकचा हर्षवर्धन सदगीर, दोघं काका पवारांच्याच तालमीतले, कुस्ती ३-२ नं गेली. एका गुणानं. जिंकलेल्या हर्षवर्धननं हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं होतं, ते बघून माझ्या डोळ्यात पाणी आलं. त्याला माहीत होतं ना समोरचा काय आहे ते, रोज त्याच्याबरोबरच लढत केलेली. अशी एका वर्षाला एक गदा निघणार, म्हणून बाकी सगळी तालीम फेल म्हणायची का? पंधरा वर्षं एखादा माणूस पहाटे चारला उठून जोर-बैठका मारतो, ३८ पैकी २६ कुस्त्या मारतो, त्याला फेल म्हणणारा माझ्यासमोर येऊ दे.

पण पैलवान, मान राहिला म्हणून पोट भरत नाही, तर आता हिशोब. तू इनामाचा आकडा लिहिलास आणि खर्चाचा लिहिला नाहीस, सगळे पैलवान असंच करतात. मी माझ्या अंदाजानं मांडतो, चुकलं तर दुरुस्त कर. दोन लिटर दूध, बदाम, तूप, अंडी, फळं, आठवड्यातून दोनदा मटण, तुझ्या वजनाला महिन्याला १५ हजाराच्या खाली खुराक होत नाही, म्हणजे वर्षाला १ लाख ८० हजार. चौघं मिळून जीप करून फडाला जाता त्याचा तुझा वाटा, रात्रीचं जेवण, हलगीवाल्याला दिलेले, असं धरून ४० हजार. गुडघ्याची इंजेक्शनं, मालिश, डॉक्टर २५ हजार. राहिले ४५ हजार. महिन्याला पावणेचार हजार. त्यात एखाद्या कमिटीनं 'वर्गणी कमी जमली पैलवान, निम्मे घ्या' म्हणलं की ते पण गेलं, आणि कोरोनात दोन सीझन फड बंद होते तेव्हा आपले किती पैलवान हमालीला, सेंट्रिंगच्या कामाला गेले ते तू बघितलंयस. सूनबाई बंद करा म्हणती ती कुस्तीला वैतागून नाही म्हणत, तिला हे पावणेचार हजार दिसतात. घर ती चालवती.

आणि आता जे सांगतो ते मला ह्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्या ३८ कुस्त्यांची यादी काढ, वहीत लिही, आणि प्रत्येकासमोर समोरच्याचं वय टाक. तू २४-२५ चा होतास तेव्हा तुझी जोड तुझ्या वयाच्या, तुझ्या तोडीच्या गड्याबरोबर लागायची. आता कुणाबरोबर लागायली? माझी खात्री आहे, निम्म्याच्या वर २०-२१ वर्षांची पोरं निघतील, ज्यांच्या वस्तादाला त्यांचं नाव करायचंय. वस्ताद कमिटीला फोन करतात, 'त्या कळंबच्या पैलवानाबरोबर लावा, तो खरी करतो, मुद्दाम इजा करत नाही, आमच्या पोराला कळंल तरी आपण कुठं हाव'. म्हणजे तू आता त्या पोरांची परीक्षा झालायस. त्यात कमीपणा नाही, हे काम ज्याला जमतं असा पैलवान तालमीत शोधून सापडत नाही. पण हेच काम तू एखाद्या तालमीत हौदात उतरून केलंस, पोराबरोबर लढत केली, थांबवलं, सांगितलं की तुझा पाय इथं चुकायला, तर त्याचा पगार मिळतो. फडावर केलंस तर एक दिवस एखादं पोरगं नाव करायच्या नादात निकाली लढंल आणि तुझा तो गुडघा कायमचा जाईल, आणि त्या पोराची त्यात चूक पण नसंल.

गुडघ्याचं मी डॉक्टर नाही, पण निसटतो म्हणतोस ते मला चांगलं वाटत नाही. नुसता दुखणारा गुडघा वेगळा आणि वळताना, जिना उतरताना जागेवरून सटकणारा वेगळा, त्यात लिगामेंट गेलेलं असू शकतं. इंजेक्शनानं सूज उतरती, दुखायचं थांबतं, आणि दुखत नाही म्हणून तू त्याच्यावर जोर टाकतोस, आत जे फाटलंय ते अजून फाटतं. तर मालिशवाला बंद, इंजेक्शन बंद, आधी एमआरआय. लातूरचं सरकारी मेडिकल कॉलेज किंवा संभाजीनगरचा घाटी सरकारी दवाखाना, हाडाच्या डॉक्टरला दाखव, ऑपरेशन सांगितलं तर जनआरोग्य योजनेत बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला विचार. रिपोर्ट हातात येईपर्यंत एकही कुस्ती नको, म्हणजे पुढाऱ्याच्या पुतण्याची पण नको. आणि एक, तू लिहिलं नाहीस पण विचारतो, ते दम वाढवायचं म्हणून तालमी-जिममध्ये जे इंजेक्शन फिरायलंय, मेफेन्टरमाइन, ते घेत असशील तर आजच्या आज फेकून दे. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचा बीपी पडला तर द्यायचं औषध आहे ते, पैलवानाच्या काळजावर त्याचा काय परिणाम होतो ते मला लिहायची पण इच्छा नाही.

आता कागद. फडाची सगळ्यात वाईट गोष्ट ही की तिथं तू काय केलंस त्याचा कागद राहत नाही. फेटा मिळतो, ढाल मिळते, मातीनं ओल्या झालेल्या पाचशेच्या नोटा मिळतात, दुसऱ्या दिवशी जेसीबी येऊन हौद पण बुजवतो. आणि सरकार दरबारी कागदच लागतो. तुझ्याजवळ एकच कागद आहे, २०१६ चा, आणि तो तू पत्रात अर्ध्या ओळीत उरकलास! मान्यताप्राप्त संघटनेच्या राज्य स्पर्धेतलं पहिल्या तिघांतलं सर्टिफिकेट असंल तर खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी त्याचा उपयोग होऊ शकतो, पण त्याची पडताळणी झालेली पाहिजे आणि ती अर्ज भरायच्या आधी हातात पाहिजे. मधी बोगस सर्टिफिकेटं लई निघाली म्हणून आता बारकाईनं बघतात, संघटनेकडचं त्या वर्षीचं रेकॉर्ड मागवतात, आणि जुनं रेकॉर्ड मिळायला वेळ जातो. म्हणून जाहिरातीची वाट बघू नको, धाराशिवला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याकडं जा, कुठली कागदं लागतात ते लिहून घे आणि लातूरच्या विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात प्रकरण दाखल कर.

तुझे दोस्त पोलीस भरती म्हणतील. वयात बसशील, खुल्या गटाला २८ आणि मागासवर्गाला ३३ आहे, खेळाडूला वर ५ वर्षं सवलत. पण मैदानी ५० मार्कांत २० मार्क १६०० मीटरचे, आणि ते पूर्ण पाहिजे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदात पळावं लागतं. ९४ किलोचा पैलवान, असला गुडघा, मी तुला खोटी आशा लावणार नाही. जिथं पळायचं नाही अशा जागा बघ, सरळसेवेत खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गाला ४३ पर्यंत वय चालतं, तुला वेळ आहे. अभ्यास करावा लागंल, रोज दोन तास. पहाटे चारला उठायची सवय आहेच, मेहनतीच्या जागी पुस्तक धर.

नोकरी लागंल न लागंल, कोचिंगचं मात्र आत्तापासून धर. पतियाळाच्या एनआयएसला, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेत, सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्स असतो, त्याची जाहिरात बघत राहा, तो कागद असला की शाळा, अकॅडमीवाले दारात उभं करतात. आणि तोपर्यंत गावातली दहा लेकरं जमव. १४, १७, १९ वर्षांखालच्या शालेय कुस्त्या होतात, तालुका, जिल्हा, विभाग, त्याच्यात ती लेकरं उतरव. पुढं गेलेल्या खेळाडूला दहावी-बारावीला वाढीव मार्क मिळतात, हे आपल्या खेड्यातल्या निम्म्या आईबापाला माहीतच नसतं. तू सोळाव्या वर्षी सुरू केलंस आणि थेट फडावर रमलास, तुला कुणी हे सांगितलं नाही. त्यांना तू सांग. गादीचं पण शिकव, तीन-तीन मिनिटांचे दोन राऊंड, तिथं जत्रेसारखं अर्धा तास दम काढत बसता येत नाही, गुण जातो.

बिराजदार मामांचंच बघ ना. निलंगा तालुक्यातला माणूस, १९६९ चा महाराष्ट्र केसरी, १९७७ ला कोल्हापूरच्या खासबागेत दिल्लीच्या सतपाल पैलवानाला पाडलं, अख्खा महाराष्ट्र वेडा झाला होता. पण मी मामांना आठवतो तेव्हा मला ती कुस्ती आधी आठवत नाही, पुण्यात गोकुळ वस्ताद तालमीत हौदाच्या कडेला बसलेले मामा आठवतात.

वडलांचं अवघड आहे, मला कळतं. तुला दोन सीझन ओढ म्हणायलेत ते पैशासाठी नसणार. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात माझ्या माहितीतल्या दोन घरांत माणसांनी काटकसर केली, पण पैलवान लेकाचं दूध तोडलं नाही. त्या बापाला 'बास झालं' ऐकायला जड जाणार. त्यांच्याबरोबर वाद घालू नको, एमआरआय काढायला त्यांनाच बरोबर ने. डॉक्टर जे बोलंल ते त्यांच्या कानावर पडू दे, तुझ्या तोंडून नको. आणि गुडघा बरा आहे असं निघालं, निघू दे देवा, तर एक सीझन खेळ, फक्त ओळखीच्या गावांत, दहा-बारा कुस्त्या, आणि शेवटची आपल्या गावच्या जत्रेत. कमिटीला सांग की ही कुस्ती कुठल्या पुढाऱ्याच्या हातानं लावू नका, माझ्या वडलांच्या हातानं लावा. दोघांचे हात धरून त्यांनी कुस्ती लावायची आणि बाजूला व्हायचं. गुडघा गेलेला निघाला तर तुझ्या पहिल्या चेल्याची कुस्ती त्यांच्या हातानं लाव.

खुराकाचं राहिलं. मेहनत थांबली त्याच महिन्यात तूप आणि मटण कमी कर, दूध अर्ध्या लिटरवर आण. तालीम सुटती पण ताट तेवढंच राहतं आणि चाळिशीत शुगर, बीपी, १२० किलो वजन, असे माझ्या बरोबरचे किती गडी मी बघितले, दोघांना खांदा पण दिला. पोहायला जा, गुडघ्यावर भार येत नाही.

एमआरआय झाला की येत्या कुठल्याही रविवारी माझ्याकडं ये, पत्ता तुला वेगळा कळवतो. ते २०१६ चं सर्टिफिकेट ओरिजिनल घेऊन ये, त्या वर्षीचे संघटनेतले एक-दोघं माझ्या ओळखीचे आहेत, रेकॉर्डचं मी विचारून ठेवतो. येताना सूनबाईला आणि लेकीला पण आण. २०२३ ला सांगलीला पोरींची पहिली महाराष्ट्र केसरी झाली तेव्हापासून आमच्याकडं पण पोरी यायल्यात, सध्या सात आहेत, सगळ्यात लहान सहा वर्षांची. तुझ्या लेकीला खेळायचं नसंल तर नसू दे, नुसतं मातीत खेळू दे घटकाभर. तालीम पाचला उघडती.